उशापाशींचें टिपॉय

टिपॉय या शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. मूळ शब्द आपल्या देशांतलाच, तिपाई. मराठींतील तिवई ही तिची सख्खी बहीण. साहेबानें तिपाई पाहिली, तिचें नांव आपल्या जिभेला सोयीचें करून घेतलें, आणि तिच्यावर चहाचें सामान मांडलें जाऊं लागल्यावर त्या नांवांतलें पहिलें अक्षर चहाचेंच असलें पाहिजे, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. विलायतेंत तर चहाची पत्ती ठेवण्याच्या, एका खांबावर उभ्या असलेल्या पेटीला हें नांव मिळालें. असा देशाटन करून आलेला हा शब्द पुन्हां आमच्या दिवाणखान्यांत शिरला, तेव्हां त्याच्या तीन पायांचे चार झाले होते. आणि त्याबद्दल त्याला कोणीहि जाब विचारला नाहीं.

आमच्या घरांतील टिपॉय असेंच चार पायांचें आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, उंची साधारण खाटेएवढी. १९६८ सालीं वडिलांनीं घर बांधलें, तेव्हां दारांच्या कामांतून उरलेल्या सागाच्या फळ्यांचें सुतारानें तें दोन दिवसांत ठोकून दिलें, असें आई सांगे. त्याला खण नाहीं, नक्षी नाहीं, पायांना कातीव गोलाईहि नाहीं. घरांतील इतर सामानाला कांहीं ना कांहीं प्रतिष्ठा होती. खुर्ची वडिलांची, कपाट आईचें, आरसा अक्काचा. टिपॉय कोणाचेंच नव्हतें, आणि म्हणून तें सर्वांचें होतें. दसऱ्याला त्याच्यावर पाटीपूजन होई, एरव्हीं इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडे, आणि दिव्याचा गोळा बदलावयाचा असला कीं घरांतील उंच माणूस त्याच्यावर उभा राही. माझ्याहून तें वयानें थोडें वडील असूनहि मीं त्याला कधीं मान दिल्याचें मला आठवत नाहीं.

त्याला कायमची नेमणूक मिळाली ती फार उशिरा. २०१९ च्या पावसाळ्यांत आई अंथरुणाला खिळली आणि २०२२ च्या फेब्रुवारींत गेली. या अडीच वर्षांत टिपॉय तिच्या उशापाशीं होतें. त्याच्यावर दुधाचा पेला, औषधांची पेटी, चष्मा, एक लहानसा रेडिओ आणि मात्रा उगाळण्याचा लोखंडी खल एवढें सामान असे. खलाविषयीं आईचा हट्ट होता. डॉक्टरांच्या गोळ्या ती मुकाट्यानें घेई. पण आपली सुंठ आणि आपली मात्रा आपल्या डोळ्यांसमोर उगाळली गेली पाहिजे, हा तिचा कायदा. पेला दिवसांतून चार वेळां गरम यावयाचा, खल दोन वेळां धुऊन ओला ठेवावयाचा. टिपॉयाच्या माथ्यावर त्याचीं वर्तुळें उमटत गेलीं. कांहीं पांढरीं, धुक्यासारखीं, एकांत एक अडकलेलीं. आणि खलाच्या जागीं एक काळें, शाई सांडावी तसें.

हीं पांढरीं वर्तुळें कां उमटतात, हें मला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतें. आमच्या कॉलेजांतील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं तें समजावून दिलें. जुन्या सामानावरचें पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. लाख ही मऊ मनाची वस्तु आहे. ऊष्म्यानें ती सैल पडते, ओलावा तिच्यांत शिरतो, आणि पेला उचलल्यावर तो तेथेंच अडकून पांढरा दिसूं लागतो. डाग पॉलिशांत असतो, लांकडांत नसतो. काळ्या डागाची जात निराळी. लोखंडाचा अंश पाण्याबरोबर पॉलिश ओलांडून खालीं उतरतो आणि लांकडांतील तुरट द्रव्याशीं त्याचा संयोग होतो. जुन्या काळीं हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, ती याच रीतीनें. आईच्या खलानें टिपॉयावर अडीच वर्षें शाईच पाडली होती म्हणावयाची!

लाखेचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर अगदीं बारीक किडे रस शोषीत बसतात आणि आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच करतात. तें कवच खरवडून काढलें म्हणजे झाली लाख. किडे लाखोंनीं असतात म्हणून तिला लाख म्हणतात, असें सांगतात. पांडवांना जाळण्यासाठीं वारणावतास जें घर दुर्योधनानें बांधविलें, त्याच्या भिंतींत तूप, तेल, ताग, राळ आणि लाख घालण्याची आज्ञा पुरोचनाला होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बालगंधर्वांचें गाणें ज्या काळ्या तबकड्यांतून घरोघर पोंचलें, त्यांतहि लाखच होती. सावंतवाडीच्या चितारआळींतील लांकडी खेळण्यांवर आणि पाटांवर जी झळाळी असे, तीहि हिचीच. दारांतल्या पळसावरील एका किड्यानें आपल्याला मारण्याचें, गाण्याचें आणि खेळण्याचें असें तिन्ही प्रकारचें साहित्य पुरवावें, हा योग कांहीं लहानसहान नव्हे.

२०२४ च्या उन्हाळ्यांत आमच्या मुलीनें जाहीर केलें, कीं तिला या टिपॉयावर राळ ओतावयाची आहे. अलीकडे तरुण मंडळींत ही कला फार फोफावली आहे. दोन बाटल्यांतील दोन द्रव एकत्र केले म्हणजे मधासारखा एक पाक होतो; त्यांत रंग, अभ्रकाची भुकटी, वाळलीं फुलें, हवें तें घालावें आणि लांकडावर ओतावें; एका दिवसांत तो कांचेसारखा घट्ट होतो. दुकानांतून त्याला रेझिन म्हणतात. आमच्या भाषेंत राळ ही मुख्यतः उडविण्याची वस्तु आहे. विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या जुन्या नाटकांत राक्षस रंगभूमीवर आला, कीं दिवटीवर राळेची पूड फेंकीत आणि भपकन् जाळ उठे. पुढें ती राळ नाटकांतून निघून वर्तमानपत्रांत गेली. मुलीच्या घोषणेनंतर आमच्या घरांत ती दोन्ही अर्थांनीं अवतरली.

तिचा पहिला बेत असा होता, कीं टिपॉयाचा माथा पांढऱ्या संगमरवरासारखा करावा, करड्या शिरांसकट. याला मात्र मीं तत्काळ विरोध केला. माझ्या पिढीच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या अंगांत रस्किन थोडाफार भिनलेला असतो. त्यानें १८४९ सालीं ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत, लांकडाला संगमरवराचा रंग देणें हा लबाडीचा प्रकार ठरविला आहे. पण त्याच ग्रंथांत सोन्याच्या मुलाम्याला त्यानें माफी दिली आहे; कारण मुलामा सर्वांच्या परिचयाचा, त्याला खरें सोनें समजून कोणी फसत नाहीं. मुलीनें माझें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग माझ्या टिपॉयाला खरा संगमरवर समजून कोण फसणार आहे, बाबा?” प्रश्न बिनतोड होता. तरीहि माझें मत बदललें नाहीं, आणि सुदैवानें तिचें बदललें. संगमरवराच्या पांढऱ्या रंगावर तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्या मुलानें चिंचेचा कोळ सांडला.

पुढें मी विचार करूं लागलों, कीं साधें लांकूड साधेंच ठेवावें हा आग्रह मुळांत कोणाचा? आमच्या आजीच्या घरीं एकहि वस्तु साधी नव्हती. पाटांना पितळी फुल्या, दारांना पितळी कड्या, चौरंगाला रंग, उंबऱ्याला रांगोळी. सागाचें नितळ, बिननक्षीचें सामान आमच्याकडे आलें तें कचेऱ्यांतून, शाळांतून आणि साहेबाच्या बंगल्यांतून. त्या साधेपणालाच पुढें आम्ही सुसंस्कृतपणा म्हणूं लागलों. माझ्या टिपॉयाचा साधेपणा तर याहून साधा. फळ्या उरल्या होत्या आणि पैसे उरले नव्हते. तेव्हां अलंकाराला तात्त्विक हरकत घेण्याचें कारण राहिलें नाहीं.

खरी हरकत निराळीच होती, आणि ती आली बेळगांवाहून. फोनवर अक्कानें ही वार्ता ऐकली मात्र, तिचा आवाज एकदम बसला. “त्यावर आईच्या पेल्याचे डाग आहेत,” ती म्हणाली. “ते घासून काढणार? दुसरं टेबल घ्या म्हणावं बाजारांतून. मी पैसे पाठवतें.” आईच्या शेवटच्या दिवसांत अक्काला येतां आलें नव्हतें, तिच्या घरींहि आजारपण होतें. पुढें जेव्हां जेव्हां ती आली, तेव्हां तेव्हां त्या खोलींत जाऊन टिपॉयाजवळ थोडा वेळ बसे. आम्हीं कोणीं त्याबद्दल कधीं कांहीं बोललों नाहीं.

मुलीला मीं अक्काचें म्हणणें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. २०२० सालीं कॉलेजें बंद पडलीं, तेव्हांपासून शेवटपर्यंत आजीच्या खोलींत रात्रीं तीच निजे. पेला भरणें, कूस वळविणें, रात्रीं दोनला दिवा लावणें, सारें तीच करी. ती म्हणाली, “आत्याला ते डाग बघून आजी आठवते. मला तें टिपॉय पाहिलं, कीं औषधांचा वास येतो. मला आजी आठवायची आहे, बाबा, तो वास नको आहे. टिपॉय टाकून द्यायचं असतं, तर मीं एवढा खटाटोप कशाला केला असता?”

या दोघींच्या मध्यें न्याय करावयाचा कसा? डाग एकच, एकीच्या लेखीं तो आईचा हात, दुसरीच्या लेखीं आईसारख्या आजीचें दुखणें. जी दूर होती तिला खुणा हव्या होत्या, जी जवळ होती तिला त्या नको होत्या. आणि माझ्या मतें दोघींचाहि हक्क सारखा होता. अक्काला मीं एवढेंच कळविलें, कीं टिपॉय घराबाहेर जाणार नाहीं. तिनें उत्तर दिलें नाहीं.

मे महिन्यांत कामाला आरंभ झाला. महिना मुद्दाम निवडला होता. पावसाळी हवेंत या राळेच्या पृष्ठभागावर एक मेणचट, पांढुरकी साय धरते. पण उन्हाळ्यालाहि दुसरी अडचण आहे. उष्म्यानें पाक लवकर आवळतो आणि पसरावयाला सवड देत नाहीं. म्हणून ओतण्याची वेळ पहांटेची ठरली. त्यापूर्वीं चार दिवस घासकाम चाललें होतें. जुन्या पॉलिशावर राळ नीट धरत नाहीं. तें कागदानें पुरतें काढावें लागतें. पहिल्याच दुपारीं सारीं पांढरीं वर्तुळें नाहींशीं झालीं. तीं लाखेचीं होतीं, लाखेबरोबर गेलीं. खालून छप्पन्न वर्षांपूर्वींचा साग निघाला, मधाच्या रंगाचा, ओल्या मातीसारखा वास येणारा. आणि त्याच्या एका कोंपऱ्याला खलाचें काळें वर्तुळ जसेंच्या तसें होतें.

मुलीनें पुष्कळ घासलें. फळी तेथें किंचित् खोलगट होऊं लागली, पण डाग हटेना. आमच्या आळींत पॉलिशाचें काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांना बोलावलें. त्यांनीं बोट फिरवून पाहिलें आणि ऑक्झॅलिक अॅसिड आणावयास सांगितलें. “लोखंडाचा डाग आहे. दोन हात मारले, कीं साफ.” जातां जातां त्यांनीं राळेच्या बाटल्यांकडे पाहून मान हलविली आणि म्हटलें, “लाखेचं काम बिघडलं तर स्पिरिटाच्या बोळ्यानं पुन्हां जमवतां येतं. हें बिघडलं तर कुऱ्हाडच.” हें त्यांचें म्हणणें रसायनशास्त्राच्या दृष्टीनेंहि बरोबर आहे. लाख तापविली कीं वितळते आणि निवली कीं पुन्हां लाख होते. नव्या राळेचे कण एकमेकांना असे जखडतात, कीं तें बंधन पुन्हां सुटत नाहीं; तापवाल तर ती मऊ पडेल, अखेर करपेल, पण पुन्हां पाक होणार नाहीं. तिच्या कचऱ्याचें काय करावयाचें, हा प्रश्न म्हणूनच अवघड आहे, आणि या कलेच्या उत्साही मंडळींनीं त्याचा थोडा अधिक विचार करावा असें मला वाटतें.

या नव्या राळेचा जन्महि एका अर्थीं लाखेच्याच वंशांतला. विजेच्या तारांच्या वेष्टनासाठीं लाख पुरेना आणि महाग पडूं लागली, तेव्हां तिला पर्याय शोधतां शोधतां लिओ बेकलंड यांना १९०७ सालीं बेकलाइट सांपडलें. कृत्रिम राळांचें युग तेथून सुरू झालें. एपॉक्सी जातीची राळ त्यानंतरची. स्वित्झर्लंडांत पियेर कास्तां हे दांतांच्या कवळ्यांसाठीं पदार्थ शोधीत होते, अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली रंगरोगणासाठीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दोघे एकाच ठिकाणीं येऊन पोंचले. आमच्या घरांत ती प्रथम आली ती अॅरल्डाइटच्या दोन नळ्यांच्या रूपानें. फुटक्या कपाचा कान चिकटवितांना वडील दोन नळ्यांतील वाटाण्याएवढाले गोळे काडीनें इतके मन लावून घोटीत, कीं तशी एकाग्रता मीं त्यांच्या संध्येंतहि पाहिली नाहीं.

नातीनें तीच एकाग्रता वारशानें घेतली असावी. तिनें आणलेल्या राळेचें प्रमाण दोनास एक, तेंहि वजनानें. तीन मिलिमीटरचा थर द्यावयाचा तर आमच्या टिपॉयाला पाऊण लिटरहून थोडी अधिक लागते. प्रमाण चुकलें तर राळ जन्मभर चिकट राहते, आणि घाईनें घोटली तर बुडबुड्यांनीं भरते. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतील एकहि भांडें या कामाला देण्याचें साफ नाकारलें, आणि मीं तिची बाजू घेतली. या द्रवांनीं कातडीला खाज सुटते, हातमोज्यांवांचून त्यांना शिवूं नये. आधीं एक पातळ हात देऊन लांकडाचीं छिद्रें बुजविलीं, नाहीं तर लांकूड आंतून हवा सोडत राहतें. मग दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचला, पंखा बंद करून, टिपॉयाच्या कडांना चिकटपट्टीचा बांध घालून, मुख्य ओतकाम झालें.

ऑक्झॅलिक अॅसिडाची पुडी खिडकींत तशीच पडली होती. तिचें काय, असें मीं विचारलें नाहीं, तिनेंहि सांगितलें नाहीं. माथ्याच्या एका बाजूस तिनें गडद निळा पाक ओतला, अभ्रकाची चमक घातलेला. तो फळीच्या मध्यापर्यंत येऊन वेडावांकडा थांबला. दुसरी बाजू निर्मळ ठेविली. काळें वर्तुळ त्या निर्मळ बाजूला होतें. राळ त्याच्यावरून वाहत गेली, तेव्हां ओल्या लांकडावर दिसावें तसें तें अधिकच काळें आणि रेखीव दिसूं लागलें. मुलगी हातांतील गरम हवेचा झोत पृष्ठभागावरून फिरवीत बुडबुडे फोडीत होती, आणि तिचा श्वास तोंडावरच्या पट्टीतून मोठ्यानें ऐकूं येत होता. तासाभरानें एक चिलट येऊन राळेवर बसलें आणि बसलें तें बसलेंच. चिमट्यानें काढूं गेल्यास चरा पडेल म्हणून तें राहूं दिलें. झाडाची राळ लाखों वर्षें जमिनींत राहिली म्हणजे तिचा तृणमणि होतो आणि त्यांत असे किडे सांपडतात; आमच्या चिलटाला एवढा काळ थांबण्याचें कारण पडलें नाहीं.

टिपॉय आतां दिवाणखान्यांत आहे. मला तें सर्वस्वीं आवडतें असें म्हणवत नाहीं. त्याची चकाकी जरा उर्मट आहे. रात्रीं त्याच्यांत ट्यूबचा दिवा उलटा दिसतो आणि पुस्तक वाचतांना डोळ्यांत शिरतो. उन्हानें ही राळ पिवळी पडत जाते, म्हणून खिडकीपासून तें दूर ठेवावें लागतें. साग दर पावसाळ्यांत फुगतो आणि उन्हाळ्यांत आकसतो, राळ त्याच्याबरोबर तितकी हलत नाहीं; हा संसार किती वर्षें टिकतो तें पाहावयाचें. निळी बाजू पाहुण्यांना फार आवडते. मी निर्मळ बाजूला बसतों.

त्या वर्षीं दिवाळीला अक्का आली. टिपॉयाविषयीं तिला कोणींच कांहीं सांगितलें नव्हतें. पायांवर पाणी घेऊन ती आंत आली, आणि बसण्यापूर्वींच तिला तें दिसलें. तिनें चष्मा काढून पदरानें पुसला, पुन्हां लावला, आणि वांकून त्या काळ्या वर्तुळावरून बोट फिरविलें, एकदां, दोनदां.

“दिसतो,” ती म्हणाली, “पण हाताला लागत नाहीं.”

मुलगी दारांत उभी होती. तिच्या हातांत चहाचा ट्रे होता. अक्कानें कप उचलला आणि संवयीनें टिपॉयावर ठेवूं लागली, तों मुलगी ओरडली, “आत्या, थेट नको! गरम कपाचा वळ उठतो त्यावर.” अक्कानें कप हातांतच धरला, आणि कांहीं वेळ त्या मुलीकडे पाहत राहिली. मग तिनें विचारलें, “आजी शेवटीं शेवटीं दूध घ्यायची का गं नीट?” त्यानंतर त्या दोघी किती तरी वेळ बोलत होत्या. मी तेथें बसलों नाहीं. चहा घेऊन गच्चीवर गेलों.

महिन्याभरानें बेळगांवाहून टपालानें एक पुडकें आलें. त्यांत अक्कानें दोऱ्यानें विणलेल्या सहा पांढऱ्या वाटोळ्या चकत्या होत्या, पेल्याखालीं ठेवण्याच्या.